हात केला की गाडी थांबते

‘डॉक्टर, आईंना एवढ्या लांब नेले तर चालेल का?’ शिरोळच्या माझ्या दवाखान्यात हा प्रश्न आठवड्यातून एकदा तरी येतो. विचारणारा मुलगा असतो, सून असते, क्वचित नात असते. ज्यांच्याविषयी तो विचारला जातो त्या आई किंवा ते बाबा बहुधा शेजारच्याच खुर्चीत बसलेले असतात. पण त्यांना कोणी काही विचारत नाही. मीही विचारत नसे. वय, रक्तदाब, साखर, गुडघे यांचा मनातल्या मनात हिशेब करून मी सांगे, ‘कशाला धोका पत्करता? घरीच बऱ्या आहेत त्या.’ हा सल्ला चुकीचाच असतो असे नाही. परंतु तोच सल्ला मी स्वतःच्या घरात अनेक वर्षे राबवला, आणि त्याची किंमत मला फेब्रुवारी २०२५ मध्ये गोव्यातल्या एका लहानशा बेटावर कळली.

माझ्या सासूबाई ऐंशीच्या घरात आहेत. मी त्यांना आईच म्हणते. एके काळी दर पौर्णिमेला त्या नृसिंहवाडीला दर्शनाला जात. एसटीची वाट पाहत बसणे त्यांना कधीच मानवले नाही. रस्त्याच्या कडेला उभे राहायचे आणि येईल त्या वाहनाला हात करायचा. वडाप जीप थांबली तर ती, नाहीतर दुधाची गाडी, नाहीतर ऊस उतरवून परतणारा रिकामा ट्रॅक्टर. वाडीला पोहोचेपर्यंत त्या गाडीवानाच्या घरची सारी खबर त्यांना ठाऊक झालेली असे. ‘हात केला की गाडी थांबतीया. माणसंच हायत की समदी,’ हे त्यांचे ठरलेले वाक्य.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा आणि पंचगंगा एकदम फुगल्या. पुणे-बेंगळुरू महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली जाऊन कित्येक दिवस बंद राहिला, आणि आमच्या तालुक्यातली गावे एकेक करून बेटे झाली. आई तेव्हा नदीकाठच्या एका गावी भावाच्या घरी होत्या. बचाव पथकातल्या दोन तरुणांनी त्यांना माडीवरून अलगद उचलले आणि रबरी बोटीत आणून ठेवले. त्या मुलांचे उपकार आम्ही जन्मभर विसरणार नाही. पण त्याच दिवसांत, ८ ऑगस्टला, पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला पूरग्रस्तांची नाव उलटून माणसे बुडाली. ती बातमी आईंनी छावणीत ऐकली आणि घरी आल्या त्या पाण्याचा धसका घेऊनच. वाडीची वारी थांबली. पुढे करोना आला. २०२२ मध्ये त्या न्हाणीघरात घसरल्या आणि खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया उत्तम झाली. तीन महिन्यांत त्या काठी घेऊन घरभर हिंडू लागल्या, पण उंबऱ्याबाहेर मात्र गेल्या नाहीत. खरे सांगायचे तर आम्ही जाऊ दिले नाही, आणि त्यात माझा वाटा सर्वांत मोठा होता.

वैद्यकशास्त्राला ही गोष्ट चांगली ठाऊक आहे. एकदा पडलेल्या वृद्ध माणसाला पुन्हा पडण्याची भीती वाटते. भीतीमुळे चालणे कमी होते, चालणे कमी झाले की मांड्यांचे आणि पोटऱ्यांचे स्नायू झिजतात, शरीराचा तोल बिघडतो आणि पडण्याची शक्यता आणखी वाढते. हे चक्र मी शेकडो रुग्णांना कागदावर काढून दाखवले आहे. त्या चक्राला घरातल्या माणसांची मायाही जोर देते, हे मात्र मी कधी काढून दाखवले नव्हते. ‘तुम्ही उठू नका, मी आणते.’ ‘तुम्ही बसा, तो जाऊन येईल.’ दिवसातून वीस वेळा उच्चारलेली ही प्रेमाची वाक्ये माणसाला हळूहळू खुर्चीशी बांधून टाकतात.

नार्व्याला जाण्याची इच्छा आईंचीच. डिचोली तालुक्यातले नार्वे येथील श्री सप्तकोटेश्वराचे देऊळ शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये पुन्हा बांधून घेतले, हे नातवाच्या तोंडून ऐकल्यापासून त्यांनी ध्यास घेतला होता. मी नेहमीप्रमाणे ‘बघू’ म्हणत राहिले. शेवटी माझ्या यजमानांनीच गाडी काढली. निपाणी, आजरा, आंबोली असा रस्ता धरून आम्ही सावंतवाडीला मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नार्व्याला पोहोचलो. दर्शन सावकाश झाले. आईंनी वाडीहून मागवलेली कवठाची बर्फी देवापुढे ठेवली. तेथेच त्यांना कळले की हा देव मूळचा या तीरावरचा नव्हे. कदंब राजांचे हे कुलदैवत. त्यांच्या बिरुदांतही सप्तकोटेश्वराचा उल्लेख येतो. त्याचे मूळ स्थान समोर मांडवीच्या पात्रात असलेल्या दिवाडी बेटावर होते. बहामनींच्या काळात तेथील देऊळ उद्ध्वस्त झाले, विजयनगरच्या माधव मंत्र्याने ते पुन्हा उभारले आणि सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी ते पाडले. तेव्हा भक्तांनी लिंग नदीपार या तीरावर आणले. मूळ जागी कोटीतीर्थ नावाचे तळे अजून आहे.

‘म्हंजे देवबी पूर बघूनच हिकडं आला म्हणायचा,’ आई म्हणाल्या.

परतायला निघालो तर गाडीचे चाक पंक्चर. जादा चाकातही हवा नव्हती. यजमान दोन्ही चाके दुरुस्त करून आणण्यासाठी डिचोलीला गेले आणि आम्ही दोघी नदीकाठी झाडाखाली बसून राहिलो. समोरून फेरीबोट येत होती. दिवाडीला वाहनांसाठी पूल नाही. गोवा सरकारच्या फेरीबोटी हाच तिकडे जाण्याचा मार्ग, आणि पायी जाणाऱ्याला त्यासाठी पैसे पडत नाहीत. बोट धक्क्याला लागली, माणसे उतरली, दुचाकी उतरल्या.

‘पलीकडं जाऊन येऊ या,’ आई म्हणाल्या.

‘आई, तिकडे काय आहे ते मी तुम्हाला फोनवर दाखवते.’

‘फोनवर बघायचं हुतं तर हितवर कशाला आणलंस?’

पाण्याचा धसका घेतलेली बाई स्वतःहून पाण्याकडे निघाली होती. माझ्याकडे नकाराची दहा कारणे तयार होती आणि त्यातले एकही वैद्यकीय नव्हते. रक्तदाब सकाळी ठीक होता. छातीत दुखणे नाही, धाप नाही. खुब्याला अडीच वर्षे उलटून गेलेली. मी उठले.

बोटीवर चढताना पुढची लोखंडी फळी ओली असते आणि धक्क्याच्या उतारावर शेवाळ असते. आम्ही गर्दी पुढे जाऊ दिली. काठी शस्त्रक्रिया न झालेल्या बाजूच्या हातात हवी, आणि सोबत करणाऱ्याने कमजोर बाजूला अर्धे पाऊल मागे राहायला हवे. आईंनी माझा दंड धरायचा, मी त्यांना ओढायचे नाही. आठ-दहा पावलांचे ते अंतर आम्हाला पुष्कळ वेळ पुरले. कोणी घाई केली नाही. बाकावर बसल्यावर नाडी पाहण्याच्या निमित्ताने मी त्यांचे मनगट धरले. ठोके जलद होते. बोट निघाली तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले. पात्राच्या मध्यावर उघडले आणि बराच वेळ पाण्याकडे पाहिले.

‘त्या बोटीत मला उचलून ठिवलं हुतं,’ त्या म्हणाल्या, ‘हितं मी माझी चढले.’

त्या पुराविषयी त्या साडेपाच वर्षांत प्रथमच बोलत होत्या. जीव वाचल्याचा आनंद त्यांना होताच. परंतु गावादेखत पोत्यासारखे उचलले गेल्याची जखम त्यांनी आत जपून ठेवली होती आणि आम्ही सगळे मात्र त्यांना पाण्याचे भय वाटते, एवढेच समजून चाललो होतो.

पलीकडे उतरल्यावर माझी पंचाईत झाली. बेटावर बस असते, पण त्या वेळी नव्हती. रिक्षा दिसत नव्हती. कोटीतीर्थ तिथून आईंना चालवेल इतके जवळ नव्हते आणि ऊन चढू लागले होते. मी म्हटले, ‘पुढच्या बोटीने परत जाऊ.’ आईंनी उत्तर दिले नाही. त्या रस्त्याच्या कडेला, सावली पाहून, उभ्या राहिल्या आणि त्यांनी हात केला. कित्येक वर्षांनी तो हात तसा उंचावलेला मी पाहिला.

पहिली थांबली ती स्कूटर. चालवणारा मुलगा भला होता आणि आई बसायला तयारही होत्या! तेथे मात्र मी डॉक्टर झाले. ज्याचा तोल कच्चा आहे आणि ज्याच्या खुब्यात धातूचा सांधा आहे त्याने दुचाकीच्या मागच्या बैठकीवर बसू नये. तेथे मी माघार घेतली नाही. आईंनीही वाद घातला नाही. मुलाचे आभार मानून त्यांनी पुन्हा हात वर केला.

मग एक जुनी मारुती व्हॅन थांबली. चालवणारे गृहस्थ पंचाहत्तरीच्या आसपासचे असावेत. मी त्यांच्याकडेही आधी डॉक्टरच्याच नजरेने पाहिले: चष्मा आहे, हात स्थिर आहेत, बोलणे स्पष्ट आहे, वेगही बेताचाच. ते कोंकणीत बोलत, आई शिरोळच्या बोलीत, आणि दोघांचेही काही अडत नव्हते. खुब्याची शस्त्रक्रिया झालेल्या माणसाने गाडीत आधी पाठमोरे होऊन बसावे आणि मग दोन्ही पाय एकत्र आत वळवावेत. आईंनी ते न सांगता केले. ते शिक्षण त्यांनी खुर्चीवर आणि पलंगावर तीन वर्षे गिरवले होते. त्याचा खरा उपयोग प्रथमच होत होता.

कोटीतीर्थ म्हणजे जांभ्या दगडाचे शांत जुने तळे. आई काठाशी बसल्या, हात जोडले, कितीतरी वेळ बसून राहिल्या. उठल्या आणि लगेच माझ्या खांद्यावर कोसळल्या. डोळ्यांसमोर अंधारी आली होती. ओठ कोरडे, नाडी जलद आणि बारीक. त्यांना पुन्हा खाली बसवून, मान माझ्या मांडीवर घेऊन, पाय पायरीवर उंच ठेवले. बोलणे स्वच्छ होते, हातापायांत जोर सारखा होता, चेहरा वाकडा नव्हता, छातीत दुखत नव्हते. मनात एकच विचार आला: मी यांना येथे का आणले? मग दुसरा प्रश्न सुचला आणि मी तो विचारला.

‘आई, सकाळपासून पाणी किती प्यालात?’

‘चहा घेतला की.’

उलगडा झाला. रक्तदाबाच्या गोळीबरोबर त्यांना लघवी वाढवणारे औषध चालू आहे. वाटेत सोय नसेल या धास्तीने त्यांनी आदल्या दिवसापासून पाणी तोडले होते. आणि निघताना ‘वाटेत थांबायला फारशी जागा नाही हं’ असे मीच म्हटले होते. धोका बेटात नव्हता, बोटीत नव्हता, अनोळखी माणसाच्या गाडीतही नव्हता. तो माझ्या त्या एका वाक्यात होता.

ते गृहस्थ आम्हाला थेट आपल्या घरी घेऊन गेले. आईंना पंख्याखाली आडवे केले. मी त्यांना आधी घोटघोट पाणी दिले. गृहस्थांनी मीठ घातलेली तांदळाची पेज केली. स्वच्छतागृह दाखवले, त्याला आधाराची दांडीही होती. त्यांच्या दिवंगत पत्नीसाठी ती बसवलेली होती. तासाभरात आईंचा रक्तदाब आणि चेहरा दोन्ही ठिकाणावर आले. उठवताना आधी पाच मिनिटे बसवले, मग उभे केले.

दोघे म्हातारे बोलत बसले. मुले परदेशी, घर मोठे, आवाज नाही. रोज सकाळी ते काही ना काही निमित्त काढून गाडी बाहेर काढतात आणि फेरीच्या धक्क्यापर्यंत फेरी मारतात; कोणी हात केला तर त्याला पोहोचवतात. ज्या दिवशी कोणी हात करत नाही, तो दिवस जड जातो, असे त्यांनी सांगितले. आईंनी पिशवीतून जयसिंगपूरच्या भडंगाची पुडी काढून त्यांच्यापुढे ठेवली. मदत मागणे म्हणजे दुसऱ्यावर भार टाकणे, असे मी समजत आले होते. या घरात मात्र पेज करणाऱ्या माणसाचा चेहरा पेज पिणारीपेक्षा अधिक टवटवीत दिसत होता.

धक्क्यावर सोडताना आईंनी त्यांना नमस्कार केला. ते म्हणाले, ‘देव बरें करूं.’ कोंकणीत आभार असेच मानतात. आभार तर आम्ही मानायचे होते. पण आधी मानले त्यांनी.

वाचकांनी हे वाचून उद्याच आजी-आजोबांना घेऊन निघावे, असे मी म्हणणार नाही. ज्यांना नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे, बसल्या जागी धाप लागते, रक्तदाब किंवा साखर आवाक्यात नाही, त्यांनी आधी आपल्या डॉक्टरांची संमती घ्यावी. बाकीच्यांसाठी काही गोष्टी मी आता दवाखान्यात सांगते.

प्रवासात पाणी तोडू नका. पाणी तोडल्याने चक्कर येते, बद्धकोष्ठ वाढते, लघवीचा जंतुसंसर्ग होऊ शकतो आणि अतिवृद्ध माणसाला अचानक भ्रमही होऊ शकतो. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे ज्यांचे पाणी आणि मीठ मोजून ठरवलेले आहे, त्यांनी तेच प्रमाण पाळावे. लघवीच्या औषधाची वेळ प्रवासाच्या दिवशी बदलता येते का, हे डॉक्टरांना विचारावे. स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नये. थांबण्याच्या जागा निघण्यापूर्वीच ठरवाव्यात आणि ‘कुठे थांबायचे’ हे वृद्ध माणसालाही सांगून ठेवावे, म्हणजे त्याला मागायला संकोच वाटत नाही.

मधुमेहाच्या रुग्णाजवळ साखर किंवा ग्लुकोज खिशात असावे. जेवण लांबले तर त्याची गरज पडते. औषधे दोन दिवसांची अधिक घ्यावीत आणि ती हातातल्या पिशवीत ठेवावीत. लांबच्या प्रवासात तास-दीड तासाने उतरून चार पावले चालावे, कारण पाय लोंबकळत राहिल्याने सूज येते आणि रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. घाटात उलटी होऊ नये म्हणून दुकानातून परस्पर गोळी घेऊ नये. त्यांतल्या अनेक गोळ्यांनी वृद्धांना गुंगी येते, लघवी अडते. काठीच्या टोकाचे रबर झिजलेले असेल तर निघण्यापूर्वी बदलावे. नाव, पत्ता, घरचा दूरध्वनी, आजार आणि औषधे लिहिलेली चिठ्ठी खिशात असावी.

आणि अनोळखी गाडीला हात करायचा झाला तर सोबत कोणी असावे, दिवसाउजेडी करावा, चालवणाऱ्याशी दोन शब्द बोलून मगच बसावे आणि गाडीचा क्रमांक घरी कळवावा. मनाला पटले नाही तर ‘नको’ म्हणण्याचा अधिकार वयाने कमी होत नाही.

आता दर पौर्णिमेला आई वाडीला जातात. नात बरोबर असते, पाण्याची बाटली असते, दर्शनाआधी आणि नंतर स्वच्छतागृहाची चौकशी असते. माझ्या गाडीने सोडते म्हटले तर नको म्हणतात. गेल्या वेळी मी दवाखान्याच्या खिडकीतून पाहिले: चौकात उभ्या राहून त्यांनी वडाप जीपला हात केला. आत शिरल्या त्या नीट, आधी बसून मग पाय वळवून. जीप निघाली, तेव्हा त्या गाडीवानाला काहीतरी विचारत होत्या.

त्या दिवशी एका मुलाने विचारले, ‘डॉक्टर, बाबांना पंढरपूरला नेले तर चालेल का?’ मी खुर्ची थोडी वळवली आणि शेजारी बसलेल्या बाबांना म्हटले, ‘बाबा, तुम्हाला जायचे आहे का?’ त्यांनी आधी मुलाकडे पाहिले, मग माझ्याकडे. उत्तर द्यायला त्यांना जरा वेळ लागला. मी थांबले.